हबशी, सिद्दी आणि दख्खन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंजिरा पाहून आलेले, मलिक अंबरवर लेख लिहायला बसलेले, घरच्या जुन्या मोडी कागदात ‘सिदी’ हे नाव सापडलेले, अशा सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी ओळखीचे, मग गुंत्याचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हबशी आणि सिद्दी एकच का?

आज आपण दोन्ही शब्द सरसकट वापरतो, पण त्यांची मुळं वेगळी आहेत. अरबीत ‘हबश’ म्हणजे अॅबिसिनिया, आजचा इथिओपिया आणि एरिट्रिया. तिथला तो हबशी. पुढे भारतात आफ्रिकेच्या कुठल्याही भागातून आलेल्या माणसाला हबशीच म्हणू लागले. ‘सिद्दी’ हा शब्द बहुधा अरबी ‘सय्यिदी’वरून, म्हणजे ‘माझे स्वामी’ या अर्थाच्या संबोधनावरून आला. जंजिऱ्याच्या सरदारांनी तो बिरुदासारखा लावला आणि नंतर तो समाजाचंच नाव झाला. गुजरातेत ‘सीदी’, सिंधमध्ये ‘शीदी’, कर्नाटकात आणि आपल्याकडे ‘सिद्दी’. साधा नियम असा: सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दरबारी माणसांबद्दल लिहिताना ‘हबशी’, कोकण किनाऱ्यावरच्या सत्तेबद्दल आणि आजच्या समाजाबद्दल ‘सिद्दी’.

२. आफ्रिकेचा इतिहास गुलामांपासूनच सुरू होतो ना?

नाही. आपल्या शालेय पुस्तकांत आफ्रिका एकदम गुलामांच्या व्यापारातच उगवते, म्हणून तसं वाटतं. नाईलच्या वरच्या खोऱ्यातल्या कुश राज्याच्या राजांनी इ.स.पूर्व आठव्या-सातव्या शतकांत खुद्द इजिप्तवर राज्य केलं. पश्चिमेकडच्या मालीचा राजा मन्सा मुसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटत गेला की तिथे सोन्याचा भाव उतरला. दक्षिणेत ग्रेट झिंबाब्वेच्या भिंती चुना-माती न वापरता, नुसत्या घडीव दगडांवर दगड बसवून उभ्या केल्या आहेत. तिथलं सोनं सोफाला बंदरातून किल्व्याला आणि पुढे हिंदी महासागरात जायचं.

आपल्या विषयासाठी सगळ्यांत महत्त्वाचं राज्य म्हणजे अक्सुम. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या पठारावर राजधानी आणि तांबड्या समुद्रावर अदुलिस हे बंदर. स्वतःची सोन्याची नाणी, स्वतःची गीझ लिपी, आणि चौथ्या शतकात राजा एझाना याने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म. एझानाने आपल्या विजयाचे लेख गीझ, सबाई आणि ग्रीक अशा तीन भाषांत कोरवले. अक्सुमचा सुमारे २४ मीटर उंचीचा दगडी स्तंभ मुसोलिनीच्या सैन्याने १९३७ मध्ये रोमला नेला. तो २००५ मध्ये परत आला आणि २००८ मध्ये जागेवर पुन्हा उभा राहिला.

३. भारताशी संबंध कधीपासूनचा?

निदान पहिल्या शतकापासूनचा. त्या काळी एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या सागरी मार्गदर्शिकेत एकीकडे अदुलिस आहे, तर दुसरीकडे भडोच, कल्याण, पैठण आणि तेर. अदुलिसला उतरणाऱ्या मालाच्या यादीत भारतातलं लोखंड, पोलाद आणि सुती कापड आहे. इथिओपियातल्या देब्रे दामो मठात कुषाण राजांची शंभराहून अधिक सुवर्णनाणी एकत्र सापडली. म्हणजे माणसं येऊ लागण्याच्या कितीतरी आधीपासून माल ये-जा करत होता, आणि तो दोन्ही दिशांनी.

४. इथिओपियातल्या लालिबेलाची चर्चं वेरूळच्या कैलासासारखी आहेत. आपल्याच कारागिरांनी खोदली का?

तसा पुरावा नाही. साम्य आहे ते पद्धतीत. दोन्हीकडे भोवतीने चर खणून मधला खडक मोकळा केला आणि वरून खाली कोरत आणलं. या पद्धतीत पाया घालावा लागत नाही, पण चूक झाली तर दगड परत जोडता येत नाही. कैलास आठव्या शतकातलं आणि लालिबेलाची ११ चर्चं साधारण बाराव्या-तेराव्या शतकांतली. इथिओपियात खडकात खोदकाम करण्याची स्वतःची परंपरा त्याआधीपासून होती. सारखा दगड आणि सारखी अडचण असली की सारखा उपाय सुचतो.

५. इतक्या लांबून माणसं इथे आली कशी?

वाऱ्यावर. नोव्हेंबर ते मार्च ईशान्येचे वारे गलबतांना अरबस्तान आणि आफ्रिकेकडे नेतात. एप्रिलपासून नैऋत्येचे वारे परत आणतात, पण ऐन जून-जुलैत समुद्र इतका खवळतो की किनारा गाठणं धोक्याचं होतं. त्यामुळे प्रवास ऋतूच्या दोन टोकांना व्हायचा आणि व्यापारी परक्या बंदरात महिनोन्‌महिने अडकून पडायचे.

माणसं मात्र एका वाटेने आली नाहीत. पुढचे बहुतेक गोंधळ या वाटांची सरमिसळ केल्याने होतात.

पहिली वाट इथिओपियाच्या पठारावरून तांबड्या समुद्राकडे, तिथून मोखा, एडन किंवा बगदाद, आणि मग गुजरात-दख्खन. चौदावं ते सतरावं शतक हा तिचा भराचा काळ. सोळाव्या शतकात इथिओपियातलं ख्रिस्ती राज्य आणि शेजारची अदलची मुस्लिम सल्तनत यांच्यात प्रदीर्घ युद्धं झाली. त्यात पकडलेली माणसं बाजारात आली. या वाटेने आलेले बहुतेक तरुण मुलगे होते आणि मागणी सैन्याची होती.

दुसरी वाट पोर्तुगीजांची: मोझांबिक ते गोवा, दीव, दमण. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारच गोव्याहून चालायचा. या वाटेने आलेल्यांच्या वाट्याला घरकाम, पालखी वाहणं, जहाजावरची मेहनत आली. सरदारकी नाही.

तिसरी वाट एकोणिसाव्या शतकातली: झांझिबारच्या बाजाराकडून निघालेली आणि ब्रिटिश आरमाराने मध्येच सोडवलेली माणसं. त्यांच्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

या तिन्ही वाटांखेरीज स्वखुशीने आलेले खलाशी, सैनिक आणि व्यापारीही होते. चौदाव्या शतकात इब्न बतूताने नोंदवलं आहे की या समुद्रावर जहाजाच्या रक्षणासाठी हबशी असले की चाचे वाटेला जात नाहीत.

६. गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस सरदार कसा व्हायचा?

दख्खनच्या सुलतानांना नातीगोती नसलेला माणूस हवा असायचा. स्थानिक सरदाराला वतन, भाऊबंद, सोयरीक. परदेशातून एकटा आलेल्या मुलाला मालकाशिवाय कुणी नाही, म्हणून त्याच्या निष्ठेवर भरवसा. त्याला विकत घ्यायचं, मुसलमान करायचं, नवं नाव द्यायचं, घोडा, हत्यार आणि फारसी-अरबी शिकवायची. मालक मेला की तो बहुधा मोकळा व्हायचा आणि जवळच्या स्वारांसह दुसऱ्याकडे चाकरी धरायचा. काही वर्षांनी तोच नवे हबशी विकत घ्यायचा.

अडचण पुढे यायची. मोकळे झालेले हबशी एकमेकांत लग्नं करून स्वतःच एक गट बनले. दरबारात ‘दख्खनी’ आणि ‘आफाकी’ म्हणजे इराण-तुर्कस्तानातून आलेले असे दोन तट होते. हबशी बहुधा दख्खन्यांच्या बाजूने उभे राहायचे. ज्यांना नातीगोती नाहीत म्हणून आणलं, त्यांनीच पुढे तख्तावर कोणाला बसवायचं ते ठरवलं. विजापुरात १५८२ ते १५९१ पर्यंत दिलावर खान हा हबशी बाल सुलतानाच्या नावाने राज्य चालवत होता.

७. म्हणजे ही गुलामी अमेरिकेतल्यासारखी क्रूर नव्हती?

वेगळी होती. सौम्य म्हणणं घाईचं आहे. अटलांटिकपार सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत भरली गेली आणि त्यातली साधारण १ कोटी ७ लाखच जिवंत उतरली. तिथे ऊस-कापसाच्या मळ्यांवर गुलामी पिढीजात होती आणि कातडीच्या रंगाला बांधलेली होती. दख्खनेत तसे मळे नव्हते, सुटकेची वाट होती, आणि गुलामाचा मुलगा सरदार म्हणून जन्माला येऊ शकायचा. पण बखरींत दिसतात ते वर चढलेले. ज्या मुलांना खोजे केलं, ज्या बायका घरांत आणि जनानखान्यात राबल्या, त्यांची नावंही उरलेली नाहीत. ब्रिटिश हिंदुस्थानात १८४३ च्या कायद्याने गुलामीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर १८३६ मध्ये बंदी घातली, पण ती प्रत्यक्षात यायला पुढची काही दशकं गेली.

८. मलिक अंबर नेमका कोण?

इथिओपियात साधारण १५४८ मध्ये जन्मलेला चापू नावाचा मुलगा. मोखा आणि बगदादच्या बाजारांतून हात बदलत तो मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. त्याने त्याला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याला विकला गेला. हा चंगेज खानही हबशी आणि पूर्वीचा गुलामच. १५७४-७५ च्या सुमारास तो मेल्यावर त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. मग वीसेक वर्षं विजापूर-गोवळकोंड्याच्या बाजूला भाडोत्री स्वार म्हणून काढून तो निजामशाहीत परतला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांकडे गेला. राज्य संपल्यातच जमा होतं. अंबरने निजामशाही घराण्यातला एक तरुण शोधून परांड्याला मुर्तजा निजामशाह म्हणून तख्तावर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि पुढची सव्वीस वर्षं राज्य स्वतः चालवलं. राजधानी परांड्याहून जुन्नरला, तिथून दौलताबादच्या बाजूला सरकत गेली. १६१० मध्ये त्याने खडकी गाव वसवलं. मुलगा फतेह खान याच्यावरून ते फतेहनगर झालं, १६५३ पासून औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. (ही पुण्याजवळची खडकी नव्हे. हा घोटाळा फार जण करतात.) मोगलांनी १६१६ मध्ये खडकी उद्ध्वस्त केली, अंबरने ती पुन्हा उभी केली.

जहांगीर त्याच्यावर इतका जळायचा की १६१६ च्या सुमारास त्याने एक चित्र काढून घेतलं. त्यात बादशहा भाल्याच्या टोकावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही. अंबर १४ मे १६२६ रोजी वयाच्या ऐंशीच्या आसपास नैसर्गिक मरणाने गेला. मग मोगलांच्याच इतिहासकाराने लिहिलं की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात त्याला तोड नव्हती. मुलाला मात्र राज्य झेपलं नाही. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि १६३६ मध्ये निजामशाही संपली.

९. भातवडीची लढाई अंबरने कशी जिंकली?

पाण्याने आणि वेळ काढून. १६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही अशी दोन्ही सैन्यं अहमदनगरजवळ भातवडीला त्याच्यावर चालून आली. संख्येने ती भारी होती, पण अवजड. अंबरने जवळच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीत आणि वाटांवर चिखल झाला, तोफा-हत्ती रुतले, रसद अडली. त्यात रात्रीचे छापे. उपाशी छावणीतून माणसं फुटून अंबरकडे येऊ लागली, तेव्हा त्याने उघड हल्ला केला. शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी या लढाईत अंबरच्या बाजूने होते, शरीफजी तिथेच पडले. समोरासमोर न भिडता रसद तोडायची आणि भूगोल कामाला लावायचा, याला तेव्हा ‘बर्गीगिरी’ म्हणत. हलक्या घोड्यांवरचे मराठा स्वार हा तिचा कणा होता. अंबरने गनिमी कावा मराठ्यांना शिकवला असं छातीठोकपणे म्हणणारे आणि मराठ्यांनी तो अंबरला शिकवला म्हणणारे, दोघेही अर्धंच सांगतात. हत्यार मराठ्यांचं होतं. त्याच्यावर सगळ्या राज्याचा बचाव उभा केला अंबरने.

१०. नहर-ए-अंबरी चालायची कशी? पाणचक्की त्याचाच भाग ना?

पाणचक्की त्याचा भाग नाही, आणि मलिक अंबरची तर नाहीच. ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली आहे, तिची नहर वेगळी आणि अंबरच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांची आहे.

अंबरची नहर शहराच्या उत्तरेकडच्या, हर्सूलच्या बाजूच्या जमिनीतून पाणी गोळा करते. नदीचं वाहतं पाणी नाही, जमिनीत मुरलेलं. भूपृष्ठाखाली बांधलेल्या दगडी नळीच्या सांध्यांतून ते झिरपत आत येतं आणि अगदी हलक्या उतारावरून आपसूक वाहतं. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरीसारखी तोंडं ठेवली आहेत. त्यांतून हवा खेळते आणि माणूस उतरून गाळ काढतो. शहरात पाणी खापरी नळांतून पुढे जातं. मध्ये मध्ये उंच मनोरे आहेत, त्यांना स्थानिक लोक ‘बंब’ म्हणतात. पाणी मनोऱ्यात चढतं, अडकलेली हवा वरून सुटते, दाब सारखा होतो आणि दुसऱ्या बाजूने पाणी पुढच्या नळात उतरतं. मनोरा पाडला तर नळात हवा कोंडते आणि पुढचा सगळा भाग कोरडा पडतो. एवढं साधं कारण, पण रस्ता रुंद करताना ते कुणाला आठवत नाही.

बिघाड तीन प्रकारचे: झाडांची मुळं सांध्यांत शिरणं, पाण्यातल्या क्षारांचा थर साचून नळी अरुंद होणं, आणि घरांचे पाये, बोअरवेल किंवा गटारं खणताना नहर फुटणं. शेवटचा सगळ्यांत वाईट, कारण मग त्यात सांडपाणी शिरतं.

११. ‘मलिकंबरी धारा’ म्हणजे काय?

शेतसाऱ्याची पद्धत. अंबरच्या आधी गावाचा वसूल बोली लावणाऱ्या मक्तेदाराला दिला जायचा आणि तो पिळून काढायचा. अंबरने मक्ते बंद केले, जमिनीचा कस आणि पीक पाहून आकार ठरवला, गावाची जबाबदारी पाटलावर टाकून त्याचं वतन पक्कं केलं. परंपरेने सांगितलं जाणारं प्रमाण असं: आधी धान्यरूपात पिकाचा सुमारे दोन पंचमांश, पुढे रोखीत साधारण एक तृतीयांश. पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेवांनी हीच घडी चालवली असं मानलं जातं.

१२. मलिक अंबर जंजिऱ्याचा होता का? तिथेही अंबर नाव येतं.

नाही. जंजिऱ्याचा तो सिद्दी अंबर, माणूस वेगळा. गुलामांना मौल्यवान किंवा सुवासिक वस्तूंची नावं देण्याची रीत होती: अंबर हे सुगंधी द्रव्य, याकूत म्हणजे माणिक, मरजान म्हणजे पोवळं, जौहर म्हणजे रत्न, रेहान म्हणजे सब्जा, संबल म्हणजे जटामांसी. नावं मोजकी आणि माणसं पुष्कळ, त्यामुळे घोळ होतोच. फतेह खानही दोन आहेत: एक मलिक अंबरचा मुलगा, दुसरा १६७० च्या सुमारासचा जंजिऱ्याचा सिद्दी. याकूत तर ढीगभर. रझिया सुलतानाच्या पागेचा अधिकारी जमालुद्दीन याकूत तेराव्या शतकातला, जंजिऱ्याचा सिद्दी कासम याकूत खान सतराव्यातला. नुसत्या नावावरून माणूस ठरवू नका. साल आणि ठिकाण दोन्ही जुळलं पाहिजे.

१३. मलिक काफूर हबशी होता का? आणि सिद्दिकी आडनावाचे लोक सिद्दी असतात का?

दोन्हीचं उत्तर नाही. काफूर म्हणजे कापूर, नाव त्याच रीतीतलं. पण तो १२९९ मध्ये खंबायतला पकडलेला इथलाच माणूस होता. सिद्दिकी हे आडनाव पहिले खलीफा अबू बक्र यांच्या ‘सिद्दीक’ या बिरुदावरून येतं.

१४. जंजिरा खरंच अजिंक्य राहिला? का?

सिद्दींच्या हातात गेल्यावर तो लढून कुणी घेतला नाही, हे खरं. पण सिद्दींकडे तो आला तोच निजामशाही सरदाराने कोळ्यांच्या राम पाटलाला फसवून घेतल्यामुळे, असं परंपरा सांगते. ‘अजिंक्य’चा हिशेब त्यानंतरचा.

कारणं रोकडी आहेत. तट थेट समुद्रातून उठतो, पायथ्याशी उतरायला जागा नाही. दरवाजा राजापुरीच्या दिशेला असा दडलेला की होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव, त्यामुळे तहानेने शरण आणता येत नाही. बुरुजांवर लांब पल्ल्याच्या तोफा, त्यातली कलालबांगडी आजही जागेवर आहे. आणि सगळ्यांत मोठं कारण भिंतींबाहेरचं: १६७० नंतर सिद्दी मोगलांचे आरमारी सरदार झाले. जंजिऱ्याला वेढा पडला की सुरतेहून जहाजं यायची. त्या वर्षी सिद्दी फतेह खान शिवाजी महाराजांना किल्ला द्यायच्या बेतात होता, पण संबल, कासम आणि खैरियत या तिघांनी त्यालाच कैद करून मोगलांची चाकरी पत्करली. महाराजांनी समोर कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून सेतू घालायला घेतला, तोवर मोगल फौज दुसरीकडून उतरली आणि काम सोडावं लागलं. हाच सिद्दी कासम १६८९ मध्ये मुंबईत घुसला आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडून बसला. वेढा उठला तो १६९० मध्ये, औरंगजेबाशी तडजोड झाल्यावर.

किल्ला टिकला, मुलूख नाही. १७३३ मध्ये मराठ्यांनी रायगड सिद्दीकडून परत घेतला, १७३६ मध्ये चिमाजी आप्पांनी रेवसजवळ सिद्दी साताला मारलं आणि किनाऱ्यावरचा बराच प्रदेश सिद्दींच्या हातून गेला. उरलेलं संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं.

१५. सिद्दी म्हणजे स्वराज्याचे शत्रूच ना?

जंजिरेकर, होय. सगळे नाहीत. १६६० मध्ये पन्हाळ्याला वेढा घालून बसलेला सिद्दी जौहर आदिलशाहीचा सरदार होता. जंजिऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. आणि तोच वेढा फोडायला नेताजी पालकरांसोबत जो आला, तो सिद्दी हिलाल. त्या झटापटीत हिलालचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. एकाच वेढ्यात दोन्ही बाजूंना सिद्दी. निष्ठा चाकरीची होती, वंशाची नव्हती. मराठा सरदारांचंही तेव्हा तसंच होतं.

१६. नाशिकचे आफ्रिकन कोण?

हा प्रश्न क्वचित येतो, खरं तर जास्त यायला हवा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून सोडवलेली मुलं मुंबईला उतरवायचं. त्यातल्या अनेकांना १८५० च्या दशकापासून नाशिकजवळ शरणपूरला मिशनऱ्यांच्या आश्रमशाळेत ठेवलं. तिथे सुतारकाम, लोहारकाम आणि वाचन-लेखन शिकवत. आफ्रिकेचा शोध घेणारा ब्रिटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याने १८६५ मध्ये आपल्या मोहिमेसाठी इथली नऊ मुलं नेली. पुढच्या तुकडीतून गेलेला जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूच्या वेळी, मे १८७३ मध्ये, आजच्या झांबियात हजर होता. त्याने झाडाच्या खोडावर स्मृतिलेख कोरला. त्याने, लिव्हिंग्स्टनचे सेवक चुमा आणि सुसी यांनी आणि सोबत्यांनी तो मृतदेह वाळवून, बांधून, महिनोन्‌महिने पायी चालत किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत वेनराइट होता. पुढे मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही सुटका झालेल्यांची वसाहत झाली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचं नाव दिलं. तिथले सुरुवातीचे शिक्षक आणि कारागीर नाशिकहून परतलेलेच होते. केनियात त्यांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत.

१७. दख्खनेबाहेर हबशी सत्तेवर आले का?

आले. बंगालमध्ये १४८७ ते १४९३ या काळात हबशी सुलतान होते, गौडचा फिरोज मिनार त्यांच्याच काळातला. अहमदाबादची सीदी सय्यदची जाळी १५७२-७३ ची. हैदराबादचा ‘एसी गार्ड्स’ हा मोहल्ला निजामाच्या आफ्रिकन घोडदळावरून ओळखला जातो. गुजरातमधलं सचिन संस्थान जंजिऱ्याच्याच घराण्यातून १७९१ मध्ये निघालं.

१८. आज सिद्दी कुठे राहतात, कोणती भाषा बोलतात?

उत्तर कन्नडमध्ये यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड आणि अंकोला या तालुक्यांत. तिथे हिंदू, मुस्लिम आणि ख्रिस्ती असे तिन्ही सिद्दी आहेत. घरची बोली कोकणी वळणाची, त्यात मराठी आणि कन्नड मिसळलेली. बरेचसे गोव्यातून पळून घाट चढून आलेल्यांचे वंशज. गुजरातेत गीरजवळचं जांबूर आणि भडोच जिल्ह्यातलं रतनपोर ही मुख्य ठिकाणं. रतनपोरला बाबा गोर यांचा दर्गा आहे. तिथल्या नाचाला ‘गोमा’ म्हणतात, तो स्वाहिली ‘न्गोमा’ म्हणजे ढोल. मलुंगा हे एकतारी धनुष्यवाद्यही त्यांच्याकडे टिकून आहे. जांबूरच्या हीरबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

अनुसूचित जमातीचा दर्जा राज्य आणि जिल्हा पाहून ठरतो. कर्नाटकात तो २००३ मध्ये उत्तर कन्नडसाठी मिळाला, २०२० मध्ये बेळगावी आणि धारवाड जोडले गेले. गुजरातेत तो सौराष्ट्रातल्या ठरावीक जिल्ह्यांना आहे. दुसऱ्या जिल्ह्यात स्थलांतर झालेल्या कुटुंबांचे दाखले नेमके इथेच अडतात. मूळ गावाचा पुरावा, म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला किंवा जमिनीचा उतारा, आधी मिळवून ठेवावा.

१९. मग आजचे सिद्दी मलिक अंबरचे वंशज आहेत?

बहुतेक नाहीत. प्रश्न ५ मधल्या वाटा इथे उपयोगी पडतात. अंबर पहिल्या वाटेचा, इथिओपियाचा. आजच्या सिद्दींवरचे जनुकीय अभ्यास त्यांचा आफ्रिकन वारसा मुख्यतः बांटू भाषकांकडे (पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या लोकांकडे) नेतात, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेकडे. दख्खनचे हबशी सरदार इथल्या मुस्लिम घराण्यांत लग्नं करून काही पिढ्यांत मिसळून गेले. त्यांचे वंशज असतील, पण त्यांना आज कुणी सिद्दी म्हणत नाही. अंबरचा अभिमान सिद्दी तरुणांनी बाळगू नये असं अर्थातच नाही. फक्त वंशावळ म्हणून लिहू नका.

२०. जुन्या कागदात ‘खमस अशरीन अलफ’ असं लिहिलंय. हे साल कोणतं?

हा शुहूर सन, म्हणजे दख्खनच्या जुन्या कागदांतला सौर सन, आकडे अरबी शब्दांत. खमस ५, अशरीन २०, अलफ १०००, मिळून १०२५. साल मृग लागताना बदलतं. मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला ५९९ मिळवा, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १६२४-२५, भातवडीचं वर्ष.

फसगत शेपटात होते. अशर म्हणजे १०, अशरीन म्हणजे २०. अर्बा ४ तर अर्बैन ४०, सबा ७ तर सबैन ७०, तिसा ९ तर तिसैन ९०. मोडीत शेवटचं अक्षर पुसट असेल तर दहा-वीस नव्हे, साठ-सत्तर वर्षांची चूक होते. म्हणून कागदातल्या सुभेदाराचं किंवा हवालदाराचं नाव ताडून पाहा.

फारसी कागदात मात्र हिजरी सन असतो. तो चांद्र, त्यामुळे सरळ बेरीज चालत नाही. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा, साधारण साल मिळतं. १०३५ ला हे करून पाहिलं तर १६२६ च्या उंबऱ्यावर येतं, आणि मलिक अंबर गेला तो हिजरी १०३५ मध्येच.

२१. प्रत्यक्ष पाहायला काय आहे?

संभाजीनगरात भडकल दरवाजा, १६१२ चा, अंबरने मोगलांवरच्या विजयानिमित्त बांधलेला. तिथून वेरूळच्या रस्त्याने खुलताबादला त्याची आणि त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर. वेरूळला जाणाऱ्या शंभरातले नव्वद जण तिच्या जवळून निघून जातात.

मुरूडला जंजिऱ्यासाठी राजापुरी धक्क्यावरून होडी मिळते, पावसाळ्यात बंद. होडीवाले आत मोजकाच वेळ देतात, म्हणून आधी दरवाज्यावरचं शिल्प पाहा: पंजांत हत्ती धरलेला शार्दूल. मग थेट तलाव आणि वरचा तट. पाणी सोबत ठेवा, तलावाचं पिण्यासारखं नाही. परतताना खोकरीला थांबा. सिद्दी सिरूल खान, कासम आणि खैरियत खान यांचे घुमट तिथे आहेत, गर्दी नसते, आणि दगडी जाळ्यांवर दुपारनंतरचा उजेड चांगला पडतो.

२२. ‘हबशी’ म्हटलं तर अपमान होतो का?

इतिहासात लिहिताना नाही, कारण त्या लोकांचं ते दरबारी नाव होतं. पण मराठीत ‘काळाकभिन्न हबशी’ हा शब्दप्रयोग शिवीसारखाच वापरला गेला आहे, आणि आज समोरच्या माणसाला तसं म्हटलं तर त्याला ते लागणारच. सिद्दी म्हणा.